फादर लेट आहेत का?

बँकेतल्या त्या तरुण कर्मचाऱ्याने प्रश्न विचारला तेव्हा माझे लक्ष त्याच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्याकडे होते. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटे उरली होती, डब्यातून लसणीच्या फोडणीचा वास येत होता आणि माझ्यामागे अजून सात-आठ माणसे हातात आधारची झेरॉक्स घेऊन उभी होती. खात्याची माहिती नव्याने भरून द्यायची, एवढेच काम होते. नाव, पत्ता, जन्मतारीख असे करत करत तो वडिलांच्या नावापर्यंत आला. मी सांगितले, त्याने टाइप केले आणि पडद्यावरची नजर न हलवता विचारले, "फादर लेट आहेत का?" मी तितक्याच सहजपणे म्हणालो, "छे हो, ते कधीच लेट नसायचे."

त्याची बोटे कीबोर्डवर थांबली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करतो आहे की मला कमी ऐकू येते, हे त्याला ठरवता येत नसावे. मग त्याने आवाज खाली आणून विचारले, "म्हणजे आहेत ना सर ते?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "नाही, नाहीत. गेल्या आषाढात गेले," असे मी म्हणालो आणि तो "सॉरी सर" म्हणून पुन्हा पडद्याकडे वळला. त्याने नावाआधी चार अक्षरे घातली असावीत, कारण मी कळांचे चार आवाज मोजले. बाहेर पडून भांडुपच्या गाडीत बसलो, घरी आलो, जेवलो, तरी माझे ते उत्तर मनातून जाईना. मी चूक काय केली होती? वडील वारले आहेत हे मी विसरलो नव्हतो. पण 'लेट' हा शब्द कानावर पडताच मनाने जो अर्थ उचलला तो स्टेशनवरचा होता, मस्टरवरचा होता, आणि अण्णांच्या संदर्भात त्या अर्थाला एकच उत्तर संभवत होते.

आमच्या लालबागच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे असे. ते अण्णांनी मुद्दाम तसे ठेवलेले होते. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असल्यामुळे आम्ही सगळे मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करत असू, म्हणजे खरे तर त्या युक्तीचा काहीच उपयोग नव्हता. एकटे अण्णाच स्वतः केलेल्या त्या फसवणुकीला रोज नव्याने फसत आणि घाई करत. लग्नाला गेले तर मांडव अजून बांधला जात असे. गावी जायच्या एस्.टी.साठी आम्ही मुंबई सेंट्रलच्या डेपोत दीड तास आधी जाऊन ट्रंकेवर बसलेलो असू आणि आई पदराने वारा घेत म्हणे, "ह्यांच्यामुळे एक दिवस आपण आदल्या दिवशीची गाडी पकडणार आहोत."

हा धसका गिरणीने दिलेला होता. अण्णा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. सकाळच्या पाळीला सातच्या आत फाटकातून आत गेले पाहिजे. त्याआधी भोंगा होई, आणि लालबाग-परळात एका गिरणीचा भोंगा कधी एकटा वाजत नसे; एकाचा सूर विरायच्या आत दुसरी गिरणी सुरू होई, आणि ज्याला त्याला आपल्या भोंग्याचा आवाज आईच्या हाकेसारखा ओळखू येई. चाळीच्या जिन्यावर चपलांचा धबधबा सुरू होई. उशीर झाला तर फाटक बंद, आणि फाटक बंद म्हणजे खाडा. खाड्याचा पगार नाही. बदली कामगार म्हणून काढलेल्या पहिल्या काही वर्षांत तर फाटकाबाहेर दुसरा बदलीवाला वाट पाहत उभाच असे. आपण दोन मिनिटे मागे पडलो की आपले काम त्याचे. त्यामुळे अण्णांच्या लेखी उशीर ही सवय किंवा स्वभाव नव्हता, ती त्या दिवसाची भाकरी होती. गंमत म्हणजे त्यांच्या तोंडी 'उशीर' हा शब्द फारसा नसे. भांडी, पाणी, स्वयंपाक यांना उशीर होत असे. माणूस मात्र 'लेट' होत असे. हा शब्द फाटकापाशी मिळालेला होता आणि तो तिथल्याच कडकपणाने घरात वापरला जाई. "लेट झालास" असे ते म्हणाले की त्यापुढे खुलाशाला जागा नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे कोणीच सांगू शकले नाही. भोंगे बंद झाले. त्या वेळी मी शाळेत होतो, आणि मला आठवते ती सकाळची शांतता. अण्णा नेमक्या त्याच वेळी उठत, दाढी करत, चहा घेत आणि मग कुठेच जायचे नसल्यामुळे गॅलरीत उभे राहत. पुढे दोन वर्षांनी त्यांना प्रभादेवीच्या एका खासगी कचेरीत शिपायाची नोकरी लागली. तिथे त्यांच्याकडे जी कामे होती त्यांतले एक असे, की सव्वादहा वाजता टेबलावरचे मस्टर उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवायचे. त्यानंतर येणाऱ्याला केबिनमध्ये जाऊन सही करावी लागे आणि त्याच्या नावापुढे लाल शाईचा 'एल' पडे. असे तीन 'एल' झाले की एक किरकोळ रजा कापली जाई. ज्या माणसाने आयुष्याची वीस वर्षे फाटक बंद होण्याच्या भीतीत काढली, त्याच्याच हाती आता फाटक आले होते. मला वाटे, आता ते सूड घेतील. पण आईने एकदा सांगितले, की ते मस्टर उचलायला हात लावत आणि मग जिन्याकडे कान देऊन थोडे थांबत. कोणी धावत येत असल्याची चाहूल लागली तर टेबलावरची फडकी उगाच पुन्हा एकदा झटकत. स्वतःच्या मुलाला मात्र ही सवलत त्यांनी कधी दिली नाही.

बँकेतून आल्यावर मी शब्दकोश उघडून बसलो. वय झाले की माणूस असे उद्योग करतो. इंग्रजीतला हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'वेळेनंतर' असा नाहीच. जुन्या इंग्रजीत तो 'मंद, सुस्त' अशा अर्थाने येतो, आणि लॅटिनमध्ये त्याच्या नात्यातला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'थकलेला' असा आहे. म्हणजे मुळात त्यात घड्याळ नव्हते, फक्त शरीर होते, आणि त्या शरीराचे पाय जड झाले होते. मंद चालणारा मागाहून पोचतो, म्हणून नंतर तो 'उशिरा आलेला' झाला. आपण ज्याला शेवटची गाडी न म्हणता 'लास्ट लोकल' म्हणतो, तो 'लास्ट'ही याच शब्दाचे टोक आहे: लेट असणाऱ्यांतला सर्वांत लेट. आणखी एक भावंड आपल्या पासपोर्टात दडलेले आहे. धारकाला अडथळ्याविना जाऊ द्यावे, अशी जी विनंती राष्ट्रपतींच्या नावाने इंग्रजीत छापलेली असते तिच्यातला 'लेट' म्हणजे अडवणूक, खोळंबा. टेनिसमध्ये जाळीला अडखळून गेलेल्या सर्व्हिसला म्हणतात तोही तोच. त्याचे स्पेलिंग वेगळे, पण मूळ एकच. थकवा, उशीर, शेवट आणि अडवणूक हे सगळे एकाच घरातले निघावेत, याचे गिरणगावात वाढलेल्या माणसाला विशेष नवल वाटू नये.

मृत माणसाला हे विशेषण लागले ते सुमारे सहाशे वर्षांपूर्वी. तिथे अर्थ असा, की हा मनुष्य आत्ताआत्तापर्यंत होता. 'नुकताच' हा त्यातला गाभा आहे. म्हणून इंग्रज माणूस ज्याच्या जाण्याला फार वर्षे झालेली नाहीत, ज्याला पाहिलेले लोक अजून आहेत, अशांनाच 'लेट' म्हणतो. शेक्सपिअरला कोणी 'लेट' म्हणत नाही. त्या शब्दाला म्हणे मुदत असते. किती वर्षांची, यावर एकमत नाही. आणि त्याचे व्याकरणही मोठे काटेकोर आहे. मृत या अर्थाने तो नावाच्या आधीच यायला हवा. 'लेट अमुक' म्हटले तर अमुक वारले, पण 'अमुक लेट आहेत' असे म्हटले तर ते अजून वाटेत आहेत. आपल्याकडच्या इंग्रजीने हा नियम केव्हाच मोडीत काढला आहे, हा भाग निराळा. पण प्रमाण इंग्रजीच्या न्यायाने पाहिले तर त्या मुलाच्या प्रश्नाचा अर्थ मी लावला तोच होता आणि माझे उत्तर बिनचूक होते, याचा मला त्या रात्री पोरकट आनंद झाला.

तो फार वेळ टिकला नाही. कारण मग प्रश्न असा आला, की त्या मुलाने मराठी असून, माझ्याशी मराठीत बोलत असताना, हा शब्द का घेतला? तो काय म्हणू शकला असता? "वडील वारलेत का?" हे परक्याने तोंडावर विचारणे कठीण. "हयात आहेत का?" हे चालले असते, पण हा शब्द आता फक्त पेन्शनच्या दाखल्यावर उरला आहे. सरकारी कागद 'मयत' म्हणतो. तो अरबीतून आलेला शब्द आमच्या लालबागेत वेगळ्या कामाला आहे. तिथे मयतीला जातात, मयत किती वाजता उचलणार असे विचारतात, त्यामुळे 'मयत वडिलांचे नाव' या शब्दांतून मला नेहमी बांबू आणि सुतळीचा वास येतो. राहिले 'कैलासवासी'. ते विचारता येत नाही, फक्त लिहिता येते. लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाआधी, क्रीडांगणाच्या पाटीवर, कबड्डीच्या स्मृतिचषकावर. आणि तेही सगळ्यांचे नाही. वर्तमानपत्रांतून पूर्वी मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी होत आणि ख्रिस्ती गृहस्थ ख्रिस्तवासी. आमच्याच गल्लीच्या तोंडावर जो फळा आहे, त्यावर बौद्ध शेजाऱ्यांच्या घरचे निधन असेल तर 'कालकथित' लिहिलेले असते, कारण ज्यांनी तो कैलासच मागे टाकला त्यांना तिथे राहायला पाठवणे योग्य नव्हे. मराठीत माणूस नुसता मरत नाही; तो कुठे गेला हेही आपण एका शब्दात सांगून टाकतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर 'कै.' हा पत्त्याचा पुरावा आहे. 'लेट'मध्ये पत्ता नाही, देव नाही, जात नाही. फॉर्मला असा शब्द आवडणारच.

आणि आपल्या 'कै.'ला मुदतही नाही. एकदा लागला की पणतवंडांच्या पत्रिकेपर्यंत तो सोबत येतो. (ज्ञानेश्वरांना किंवा शिवाजी महाराजांना मात्र आपण तो लावत नाही, म्हणजे फार मोठे झाले की तो आपोआप गळतो.) शिवाय तो एकटा येत नाही. अण्णांच्या नावाला 'कै.' लागला त्याच दिवशी आईच्या नावाआधीचा 'सौ.' गेला. नातेवाइकांनी छापलेल्या एका पत्रिकेत तिच्या नावाआधी 'गं. भा.' आले तेव्हा तिने ती पत्रिका दूर धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "मला कुठे नेऊन बसवलं हे? मी गंगा पाहिलेलीसुद्धा नाही."

पण मला अडकवून ठेवले ते आणखी साध्या शब्दांनी. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो. "यायला वेळ झाला" म्हटले तर उशीर झाला, आणि "जायची वेळ झाली" म्हटले तर नेमका क्षण आला. एका मात्रेच्या फरकाने मागे पडलेला माणूस वेळेवर येतो. आणि मृत्यूबद्दल बोलताना आपण कटाक्षाने दुसरे लिंग वापरतो. त्याची वेळ आली, वेळ भरली. त्याहून जुने म्हणजे घटका भरली. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडायची. २४ मिनिटांत ती भरून बुडे, ती एक घटका, आणि अशा ६० घटकांचा दिवस. घटका भरण्यात उशीर असा नसतोच. वाटी तिच्या वेळेला बुडते. मराठी माणूस मरतो तो सेकंदावर मरतो, आणि मरून तो मागे राहत नाही. तो पुढे जातो. "ते पुढे गेले, आपण मागून जायचे," हे तर चाळीतल्या प्रत्येक दहाव्याला कोणीतरी म्हणतेच. इंग्रजीत उलटे. तिथे गेलेला माणूस मागे पडतो, सुस्तावतो, आणि जिवंत जग त्याला सोडून निघून जाते. एकाच मृतदेहापाशी उभे राहून एक भाषा पुढे पाहते आणि दुसरी मागे वळून पाहते. यांतली कोणती खरी, हे मी ठरवू शकत नाही. अण्णांसाठी मात्र मराठीच बरोबर होती. एस्.टी.च्या डेपोत दीड तास आधी जाऊन बसणारा माणूस तो.

उशीर झाला हे ठरवते कोण, हाही प्रश्न या शहराला नवा नाही. १९०६ साली देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्वतःची, सूर्यावरून काढलेली वेळ त्या नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे एका रात्रीत सबंध शहर ३९ मिनिटे लेट झाले. गिरण्यांनी नवी वेळ घेतली, आणि कामगारांना पूर्वीच्याच आकड्याला पण आधीच्या अंधारात फाटकापाशी यावे लागले, म्हणून त्या जानेवारीत त्यांनी काम थांबवून निषेधही केला. महापालिकेने तर हट्टाने कित्येक वर्षे जुनीच वेळ पाळली. हे मी वाचले तेव्हा मला आमचे ते दहा मिनिटे पुढचे घड्याळ आठवले. शहर ३९ मिनिटे मागे राहू इच्छित होते आणि त्याच शहरातल्या एका खोलीतला साचेवाला दहा मिनिटे पुढे.

या शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर आलेले मी एकदा पाहिले आहेत.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, हा आकडा आता मुंबईच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारावा. मी अंधेरीच्या कचेरीतून चार वाजता निघालो. गाड्या बंद होत्या, बस जिथे होत्या तिथेच बुडाल्या होत्या. हायवेवरून माणसांची एक न संपणारी रांग दक्षिणेकडे चालली होती आणि आम्ही सगळे एकमेकांचे दंड धरून तिच्यात होतो. कलानगरच्या आसपास पाणी कमरेच्या वर आले. अंधारात कोणीतरी पुढून ओरडत असे, "उघडं गटार, डावीकडे या," आणि ते वाक्य हजारो तोंडांतून मागे मागे जात असे. माहीमला एका इमारतीच्या जिन्यात अनोळखी लोकांनी चहा आणि ग्लुकोजची बिस्किटे दिली. मोबाइल केव्हाच मुका झाला होता. लालबागला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा वाजून गेले होते.

त्या रात्री घरी काय चालले होते ते आईने नंतर सांगितले. चाळीतले सात-आठ जण परतले नव्हते. बायका गॅलरीत उभ्या होत्या आणि एकमेकींना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "लेट होईल गं, बाकी काही नाही." लेट होईल, पण येईल. बाराच्या सुमारास कोणी म्हणाली, "लेट झालेत एवढंच," तेव्हा तिच्या बाजूची ओक्साबोक्शी रडू लागली. त्या रात्री या शहरात लक्षावधी घरांनी आपल्या माणसांसाठी हा शब्द देवाला मागितला असेल. नुसता लेट असू दे. अण्णा मात्र वर थांबले नव्हते. छत्री घेऊन ते नाक्यावर गेले ते तिथेच, बंद दुकानाच्या फळीवर, रात्रभर. छत्रीचा काही उपयोग नव्हता. मी पुलाखालून येताना त्यांना लांबून पाहिले. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेले, चष्म्यावर पाणी. त्यांनीही मला पाहिले. मी अगदी जवळ येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "लेट झालास."

त्यापुढे घरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. आयुष्यात हजार वेळा ऐकलेले वाक्य होते ते. त्या दिवशी त्याचा अर्थ वेगळा होता हे मला तेव्हा कळले, की नंतर बसून मी तो लावला, हे आज खात्रीने सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी आषाढात, एका संध्याकाळी साडेसहाला, अण्णा घरातच गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते. काही धावपळ नाही, कोणाची गाडी चुकली नाही. मी होतो, ताई होती, आई पायाशी बसलेली होती. त्यांचे धाकटे भाऊ देवगडला असतात. ते रात्रीच्या बसने निघणार, तेव्हा सकाळी नऊला न्यायचे ठरले आणि तसे निरोप गेले. पावसाने घाटात रस्ता तुंबला. नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. खाली छत्र्या घेऊन चाळीस-पन्नास माणसे उभी होती. गिरणीतले जे चार-दोन सोबती उरले होते ते बाकावर बसले होते, त्यांना भोईवाड्यापर्यंत चालायचे होते. मधूनमधून एखादा घड्याळाकडे पाहून दुसरीकडे नजर वळवत असे. तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या मुलाचा फोनवरचा आवाज वर आला. तो कुणाला तरी अगदी मनापासून समजावत होता, "तू आरामात ये रे, अण्णा लेट होणारेत. साडेअकराच्या आत निघत नाहीत ते."

मी ताईकडे पाहिले आणि ताईने माझ्याकडे. तिने पदर तोंडाला लावला, लोकांना वाटले तिला पुन्हा रडू आले. खरे तर आम्हांला हसू आवरत नव्हते, आणि ते आवरताना डोळ्यांतून पाणीही येत होते, त्यामुळे कोणालाच काही खोटे सांगावे लागले नाही. ज्या माणसाने कधी कोणाला पाच मिनिटे तिष्ठत ठेवले नाही, त्याच्यासाठी अर्धी चाळ अडीच तास पावसात उभी होती, आणि भिंतीवर त्याचेच घड्याळ आम्हां सगळ्यांना आणखी दहा मिनिटे उशीर झाल्याचे सांगत होते. निघालो तेव्हा त्यात बारा वाजायला दहा कमी होते. म्हणजे खरे अकरा चाळीस. ही वजाबाकी मी खांदा देताना केली, याची मला पुढे काही दिवस लाज वाटत राहिली.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. त्यानंतर गेलात तर उशिराचे शुल्क पडते, रांगेतल्या एका बाईंनी मला ते समजावून सांगितले, "लेटची लेट फी." त्या विनोद करत नव्हत्या. मी अकराव्या दिवशीच गेलो होतो. काही गोष्टी रक्तातून येतात.

बँकेत दुसऱ्यांदा जावे लागले ते आईला घेऊन. अण्णांचे आणि तिचे जोडखाते आता तिच्या एकटीच्या नावावर करायचे होते. तोच मुलगा होता. त्याने मला ओळखले आणि या वेळी सावध झाला. आईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवले, आणि पतीच्या नावाच्या रकान्यापाशी आला तेव्हा काहीच न विचारता पेनाने कागदावर ती चार अक्षरे मांडली. आई चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरे ती माझ्या मुलाबरोबर त्याच्या पाटीवर शिकली आणि तेव्हापासून दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी असे जे दिसेल ते मोठ्याने लावून पाहते. तिने चष्मा सारखा केला, कागद जवळ ओढला आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचले, "एल, ए, टी, ई. लेट." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्यांच्या नावापुढे?"

त्या मुलाचा चेहरा उतरला. तो घाईघाईने म्हणाला, "आजी, तसं नाही, इंग्रजीत पद्धत आहे तशी. नको असेल तर दुसरं काही लिहितो." मीही काहीतरी समजावणार होतो. पण आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. तिने कागद पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"राहू दे रे बाळा," ती म्हणाली. "पन्नास वर्षं आम्हांला बोलत आले. एक त्यांच्याही नावावर लागू दे."